टँकर, मेथी आणि संदीपचा कार्बन

विषय काढला संदीपनं. हा पाऊण किलोमीटरवरून कट्ट्यावर येतो तो गाडीत बसून, एसी लावून, आणि चहा मात्र बिनसाखरेचा. ऑफिसात कसलंसं प्रेझेंटेशन देऊन आला होता, ते अजून अंगात होतं.

"शहर आणि गाव एक झालं ना, की माणशी कार्बन कमी होतो. बस येते, मेट्रो येते, सगळं जवळ येतं."

"काय जवळ आलं सांग," बाळू म्हणाला. बाळू टँकर चालवतो.

३० जून २०२१ ला २३ गावं पुणे महापालिकेत गेली, त्यात आमचंही. पुणं मुंबईपेक्षा पसरट झालं म्हणून तात्यांनी पेढे वाटले होते. ते पेढे लोक अजून त्यांच्या नावावर मांडतात.

"टँकर दहा हजार लिटरचा," बाळू बोटं मोडायला लागला. "भरून आणायला जाऊन-येऊन वीस किलोमीटर. ॲव्हरेज चारचं. खेपेला पाच लिटर डिझेल. उन्हाळ्यात दिवसाच्या सहा खेपा, त्यातल्या दोन तुझ्याच सोसायटीला. काढ कार्बन."

संदीपनं मोबाइल काढला. "लिटरला साधारण २.७ किलो... रोजचे ८० किलो."

"थांब," तात्या म्हणाले. "लिटरभर डिझेल किलोभरसुद्धा भरत नाही. त्यातनं पावणेतीन किलो निघतं? हे तर आमच्या दूधवाल्यालाही जमलं नाही."

"हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो, तात्या."

"मग फुकटचं पाणी दूधवालाही चिकटवतोच की."

संदीप विजेच्या बसवर घसरला. भेकराईनगरच्या डेपोत बघा म्हणे, धूर नाही, आवाज नाही.

"धूर आहे," बाळू म्हणाला. "तो चंद्रपूरच्या चिमणीतनं निघतो, तुला इथनं दिसत नाही एवढंच. आणि भेकराईनगर म्हणजे फुरसुंगीच ना? पुण्याचा कचरा त्या बाजूला कधीचाच गेला. तिकडची गावं शहरात घेतली २०१७ ला आणि २०२४ ला पुन्हा बाहेर काढली. कचरा मात्र एकदाच गेला."

यावर संदीप मिथेनबद्दल बरंच बोलला. ओला कचरा हवेवाचून कुजला की मिथेन होतो, शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या पंचवीस-तीस पट तापवतो वगैरे. बरोबरच होतं सगळं. पण तो 'वेस्ट स्ट्रीम' म्हणाला आणि ऐकणारे चहाकडे वळले.

तात्यांना मेथी आठवली. विकलेल्या अर्ध्या एकराचा विषय निघाला की आठवतेच. "बांधावरनं चुलीपर्यंत मेथी चालत यायची. आता जुन्नरची मेथी मार्केट यार्डात उतरते, तिथनं टेम्पोनं आपल्या गावात येते. माझ्या बांधावर आता तुझं पार्किंग आहे, संदीप."

"चुलीचं कौतुक नका सांगू," चहाच्या गाडीवरनं शोभाताई कडाडल्या. "चुलीपुढं मी बारा वर्षं खोकत होते. गॅस आला तेव्हा खोकला गेला. शहरानं आणला का आणखी कुणी, मला काय करायचंय? नळ तेवढा द्या म्हणावं."

बाळूही गप्प बसला. मला विचाराल तर त्या अर्ध्या तासात नेमकं बोलणाऱ्या त्या एकट्याच.

"बस वाढल्या की दुचाक्या कमी होतील," संदीपनं शेवटचा प्रयत्न केला.

"तू येशील बसनं?"

"मला लॅपटॉप असतो ना."

इथं तात्यांना ठसका लागला. त्यात बाळूनं ९८ सालचा रनआउट काढला. तेव्हाही हा म्हणे दुसऱ्याला पळायला सांगून आपण क्रीझमध्ये उभा होता. संदीप म्हणतो कॉल बाळूचा होता. अंपायर तात्या होते आणि तात्यांना, सोयीनं, काही आठवत नाही.

एवढ्यात संदीपच्या सोसायटीतनं बाळूला फोन. टाकीचा तळ दिसतोय.

"येतो. ॲव्हरेज चारचं आहे, थोडा वेळ लागेल," असं म्हणून बाळूनं चहाचे पैसे संदीपच्या नावावर लिहायला सांगितले आणि उठला.