टबमनच्या तोंडी घातलेलं वाक्य

'मी हजार गुलाम सोडवले. आणखी हजार सोडवले असते, पण आपण गुलाम आहोत हेच त्यांना ठाऊक नव्हतं.' खाली नाव हॅरिएट टबमन, म्हणजे एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत स्वतः गुलामीतून पळून पुढे इतरांना सोडवणारी कृष्णवर्णीय बाई. महिला दिन आला की हा फॉरवर्ड उगवतोच. यंदा भाचीने तो वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात घातला आणि माझ्याकडे तपासायला पाठवला, तेव्हा मात्र राहवलं नाही.

हे वाक्य टबमनचं नाही. तिच्या हयातीतल्या कुठल्याही नोंदीत ते सापडत नाही, आणि तिच्या चरित्रकार केट क्लिफर्ड लार्सन यांनी ते बनावट असल्याचं केव्हाच सांगून टाकलंय. फॉरवर्डमध्ये वर 'ती डायरीत लिहिते' असंही आहे. बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. डायरी कुठून काढलीत?

खोटेपणा एकवेळ सोडा, अर्थ बघा. माणसं गुलामीत राहिली याला मालक, चाबूक, पळालेल्यांना पकडून परत पाठवणारा १८५० चा कायदा, यातलं काहीच जबाबदार नाही. दोष त्यांच्याच अडाणीपणाचा! टबमन खरोखर काय म्हणाली ते छापील आहे. बेंजामिन ड्रू यांनी गुलामीतून पळून कॅनडात पोचलेल्या माणसांच्या मुलाखती घेतल्या, १८५६ मध्ये त्यांचं पुस्तक आलं. त्यात ती सांगते की पळून आलेले शेकडो गुलाम मी पाहिले, पण परत जाऊन गुलाम व्हायला राजी असलेला एकही पाहिला नाही. तिच्या दोन बहिणींना साखळदंडात घालून नेलं होतं. एकीची दोन मुलं मागे राहिली. या माणसांना आपण गुलाम आहोत हे कुणी येऊन सांगायला हवं होतं?

अडत होतं ते पोराबाळांपाशी. तिची बहीण रेचल मुलांना सोडून निघायला तयार नव्हती, आणि मुलं ठेवली होती दुसरीकडे. १८६० च्या अखेरीस टबमन तिला न्यायला मेरीलँडमध्ये पोचली तोवर रेचल मरण पावली होती. मुलांना सोडवायला ३० डॉलर लागणार होते, तेवढे हाताशी नव्हते. मुलं तिथेच राहिली.

कुणी म्हणेल, बाबासाहेबांच्या नावाने 'गुलामाला गुलामीची जाणीव करून द्या' हे वाक्य सांगितलं जातंच की. सांगितलं जातं, पण ते वाक्य माणसाला उठवतं. हे हिणवतं.

बरं, 'हजार' हा आकडा अगदीच हवेतला नाही, हे मान्य करावं लागेल. अमेरिकेतल्या यादवी युद्धात २ जून १८६३ ला दक्षिण कॅरोलायनात कंबाही नदीवर उत्तरेच्या, म्हणजे गुलामीविरुद्ध लढणाऱ्या बाजूच्या, सैन्याने छापा घातला, त्याची टेहळणी टबमनची. त्या एका रात्रीत सातशेहून अधिक माणसं सुटली. बोटी दिसताच लोक कसे धावले याचं वर्णन तिनेच करून ठेवलंय: एका बाईच्या डोक्यावर चुलीवरून तसंच उचललेलं वाफाळत्या भाताचं भांडं, पाठीला लटकलेलं पोर एका हाताने आईचं कपाळ धरून दुसऱ्या हाताने त्यातला भात खातंय. हीच म्हणे ती ठाऊक नसलेली माणसं.

गुलामांना सोडवून आणायला तिने केलेल्या '१९ फेऱ्या, ३०० माणसं' हे सारा ब्रॅडफर्ड यांनी चरित्रात फुगवलेले आकडे. लार्सन यांनी कागदपत्रांवरून काढलेला हिशेब सुमारे १३ फेऱ्या आणि ७० माणसांचा आहे. जीव मुठीत धरून तेवढंही कमी नाही. पळणाऱ्या गुलामांना वाट दाखवणाऱ्या, गोधड्यांवरच्या गुप्त खुणांची गोष्ट १९९९ च्या एका पुस्तकातून पसरली, त्या काळातला पुरावा नाही. सोडून द्या.

राहिलं टबमनला पकडून देणाऱ्याला ठेवलेलं म्हणतात ते ४०,००० डॉलरचं इनाम. १८४९ मध्ये मालकिणीने दिलेली जाहिरात सापडली आहे. टबमन ('मिंटी', वय सुमारे २७) आणि तिचे दोन भाऊ, राज्याबाहेर सापडले तर प्रत्येकी १०० डॉलर. लिंकनच्या मारेकऱ्यावर ५०,००० होते, यावरून अंदाज घ्या. ४०,००० चा आकडा आला १८६७ मध्ये सॅली हॉली यांच्या पत्रातून, टबमनला युद्धातल्या कामाची पेन्शन मिळावी म्हणून लिहिलेल्या. महिना २० डॉलर पेन्शन मंजूर व्हायला १८९९ उजाडलं, त्यातले ८ नवऱ्याच्या सैन्यातल्या नोकरीचे.