बारा वर्षांच्या धास्तीने भाडेकरू बदलणाऱ्यांसाठी

"सर्वोच्च न्यायालयाचा मोठा निर्णय! भाडेकरू सलग १२ वर्षं एकाच घरात राहिला तर तो मालक होतो. लाईट बिल, पाणीपट्टीची पावती आणि दोन साक्षीदार एवढं पुरतं. म्हणून दर ११ महिन्यांनी नवा करार करा. सरकारी जमिनीला मात्र ३० वर्षं. सर्व घरमालकांना पाठवा."

थोड्याफार फरकाने हा मजकूर गेली काही वर्षं सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरतोय. वाचून हसायचं नि सोडून द्यायचं, इतका तो निरुपद्रवी नाही. वेळच्या वेळी भाडं देणाऱ्या, घर नीट ठेवणाऱ्या कुटुंबाला दहाव्या-अकराव्या वर्षी "आता खाली करा" म्हणणारे मालक आहेत आणि त्यामागे एवढं एकच कारण असतं. मेसेजमधला १२ चा आकडा खरा आहे, कायदा खरा आहे, निकालही खरा आहे. त्यांची मोट तेवढी भलतीच बांधली आहे.

"सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला"

दिला, ७ ऑगस्ट २०१९ रोजी, तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने, रविंदर कौर ग्रेवाल विरुद्ध मनजित कौर या प्रकरणात. पण तिथे प्रश्न भाडेकरूचा नव्हताच. दुसऱ्याची मालमत्ता उघडपणे, मालकाला न जुमानता १२ वर्षं ताब्यात ठेवणाऱ्याला (यालाच कायद्यात विरुद्ध ताबा म्हणतात) आपण होऊन कोर्टात दावा लावता येतो का, एवढाच मुद्दा होता. २०१४ च्या एका निकालानुसार असा कब्जेदार फक्त बचाव करू शकत होता. मालकाने दावा लावला तर "तुमची मुदत गेली" म्हणायचं, बस्स. २०१९ च्या निकालाने सांगितलं की मुदत पूर्ण झाल्यावर त्याला कुणी हुसकावून लावलं तर तो वादी म्हणूनही उभा राहू शकतो. याचं "भाडेकरू मालक होणार" कधी नि कुठे झालं, देव जाणे.

१२ वर्षांचा नियमही २०१९ चा नाही. तो १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातला (लिमिटेशन ॲक्ट), अनुच्छेद ६५. त्याच कायद्याचं कलम २७ म्हणतं की ताबा मागण्याची मुदत संपली की मालकाचा हक्कच संपतो. नियम कडक आहे, हे मान्य. २००८ मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयानेच त्याला अतार्किक म्हटलं होतं आणि त्याचा फेरविचार करा, असं सरकारला सुचवलं होतं.

"१२ वर्षं राहिला की झालं"

मेसेजमधली सगळ्यात मोठी चूक ही. १२ वर्षं मोजायची ती माणूस राहायला आल्या दिवसापासून नव्हे, त्याचा ताबा मालकाच्या विरुद्ध झाला त्या दिवसापासून. भाडेकरू मालकाच्या परवानगीने आत आलेला असतो. ती परवानगी आहे तोवर १२ काय, ५० वर्षं झाली तरी घड्याळ सुरूच होत नाही.

शिवाय पुराव्याच्या कायद्याने त्याचे हात आधीच बांधलेले आहेत. भाडेकरू म्हणून आत शिरलेल्या माणसाला, भाडेकरी (म्हणजे भाडेकरू-मालक हे नातं) चालू असताना, "तुम्ही मालकच नव्हता" असं म्हणता येत नाही. जुन्या १८७२ च्या कायद्यात हे कलम ११६ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तेच कलम १२२ आहे. दर महिन्याच्या पाच तारखेला यूपीआयने भाडं येतं आणि त्याखाली भाडेकरूनेच टाईप केलेलं असतं, "जून रेंट". मालकीचा दावा बुडवायला त्याची स्वतःची ती एक ओळ पुरेशी आहे. बरं, भाडं थकवलं म्हणून ताबा विरुद्ध होतो, असंही नाही. थकबाकीदार भाडेकरू हा भाडेकरूच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ज्योती शर्मा विरुद्ध विष्णू गोयल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हीच गोष्ट पुन्हा बजावली. दुकान १९५३ पासून भाड्याने दिलेलं. मूळ मालकाच्या पश्चात त्याच्या सुनेने मृत्युपत्राच्या आधारे ताबा मागितला, तर भाडेकरूंकडचे लोक मूळ मालकाच्या मालकीवरच शंका घेऊ लागले. ज्याच्याकडून भाडेचिठ्ठीने दुकान घेतलं त्याचीच मालकी आता नाकारता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. मधे सत्तरहून जास्त वर्षं गेली होती. मेसेजचं गणित खरं असतं तर ते दुकान सहा वेळा भाडेकरूंचं झालं असतं.

भाडंही न घेता कुणाला राहू दिलं असेल तर? त्याचं उत्तर गोव्यातून गेलेल्या एका खटल्यात मिळतं. घर बहिणीचं, ताब्यात भाऊ. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात स्पष्टच सांगितलं की मोफत राहू दिलेल्या माणसाला कितीही वर्षांनी मालकी मिळत नाही. राखणदार, वॉचमन, नोकर यांनाही नाही. मुंबईत राहून कोकणातलं घर कुणाच्या तरी भरवशावर सोडणाऱ्यांनी हा निकाल माहीत करून घ्यावा.

"लाईट बिल, पावत्या, साक्षीदार पुरेत"

यातून माणूस तिथे राहतो एवढंच सिद्ध होतं. ते मालकही नाकारत नाही. सिद्ध करायचं असतं ते वेगळंच: कोणत्या तारखेपासून आपण मालकाला उघडपणे झुगारलं, ते त्याला कळण्यासारखं होतं आणि मधे खंड पडला नाही. हे ओझं सगळं कब्जेदाराच्या डोक्यावर. "मी मालकही आहे आणि विरुद्ध ताब्यानेही मालक झालो" असं दोन्हीकडून बोलणाऱ्याची कोर्टात हमखास पंचाईत होते, कारण विरुद्ध ताबा म्हणायचं तर मालक दुसरा आहे हे आधी कबूल करावं लागतं.

"दर ११ महिन्यांनी करार बदला"

हा उपाय ज्या रोगावर सांगितलाय तो रोगच नाही. ११ महिन्यांची प्रथा आली नोंदणीच्या कायद्यातून. एक वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची, म्हणून लोक एक महिना कमी लिहू लागले. विरुद्ध ताब्याशी तिचा काडीचा संबंध नाही.

महाराष्ट्रात तर तीही पळवाट उरलेली नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मग तो ११ महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी मालकाची. नाही केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि खरी मेख पुढे आहे: लेखी नोंदवलेला करार नसेल तर अटी काय होत्या याबद्दल भाडेकरू सांगेल ते धरून चाललं जातं. शंभर-पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून निर्धास्त झालेल्या मालकाची झोप उडायला हवी ती इथे.

नोंदवलेला लीव्ह अँड लायसन्स करार असला की त्याच अधिनियमाचं कलम २४ मदतीला येतं. मुदत संपूनही माणूस घर सोडत नसेल तर मालक दिवाणी कोर्टाच्या रांगेत न लागता सक्षम प्राधिकाऱ्याकडे जातो, करारपत्र हाच निर्णायक पुरावा मानला जातो आणि जास्तीच्या मुक्कामासाठी दुप्पट दराने नुकसानभरपाई लागू होते. ६० महिन्यांपर्यंतच्या अशा करारांना मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के आहे. त्यामुळे चांगलं कुटुंब मिळालं असेल तर सरळ तीन वर्षांचा करार करावा. दरवर्षी एजंटची दलाली भरण्यात कसली सुरक्षितता?

मग ही भीती आली कुठून?

माझ्या मते कूळकायद्यातून. १९४८ च्या कायद्याने पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी जमीन कसणारी कुळं कायद्यानेच खरेदीदार मानली गेली. न्यायाधिकरणाने किंमत ठरवली, कुळाने ती भरली, ३२-म चं (खरेदीचं) प्रमाणपत्र मिळालं. "आमची जमीन कुळात गेली" हे वाक्य अनेक घरांत तीन पिढ्या ऐकवलं गेलंय. पण तो शेतजमिनीचा, मुद्दाम केलेला कायदा होता. फ्लॅटमधला भाडेकरू कूळ नव्हे. मुंबईतली पागडी हीसुद्धा अशीच गल्लत वाढवते. तिथे पिढ्यान्‌पिढ्या राहता येतं ते भाडे नियंत्रणाच्या संरक्षणामुळे, आणि उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या) इमारतीच्या पुनर्विकासात भाडेकरूला मालकीचं घर मिळतं ते विकास नियमांमुळे. १२ वर्षं यात कुठेच नाहीत.

सरकारी जमिनीला ३० वर्षं हे आकड्यापुरतं बरोबर आहे. त्याच मुदतीच्या कायद्याचा अनुच्छेद ११२. पण झोपड्यांना संरक्षण मिळतं ते वेगळ्या कायद्याने आणि पात्रतेच्या तारखांनी, या अनुच्छेदाने नाही. आणि "आता नवा कायदा आलाय" असं जे जोडून पाठवलं जातं, ते खोटं आहे. विधी आयोगाने २०२३ मध्ये २८० व्या अहवालात विरुद्ध ताब्याच्या तरतुदी बदलायची गरज नसल्याचं मत दिलं. दोन पदसिद्ध सदस्य असहमत होते, पण कायदा होता तसाच राहिला.

१२ वर्षं मोजावीत ती कुणी

घरमालकाने एकाच परिस्थितीत. भाडेकरी कायद्याने संपुष्टात आणली असेल तर मुदतीच्या कायद्याच्या अनुच्छेद ६७ नुसार त्या दिवसापासून १२ वर्षांच्या आत ताब्याचा दावा लावावा लागतो. भाडेकरी संपवायची, भाडं घेणं बंद करायचं आणि मग कपाटात फाईल ठेवून गप्प बसायचं, हे धोक्याचं.

दुसरे म्हणजे गावाकडे मोकळा प्लॉट किंवा पड जमीन असलेले, वर्षानुवर्षं तिकडे न फिरकणारे. शेजाऱ्याने कुंपण चार हात पुढे सरकवलं, आत गोठा बांधला, ग्रामपंचायतीत घरपट्टी लावून घेतली आणि तुम्ही कधी हरकत घेतली नाही, तर अनुच्छेद ६५ नेमका तुमच्यासाठी लिहिलेला आहे. सातबारावर नाव आहे म्हणून निर्धास्त राहू नये. तो महसुली दाखला आहे, मालकीचा अंतिम पुरावा नव्हे.

गावचं सामाईक शेत भाऊ कसतो त्याची काळजी मात्र तुलनेने कमी करावी. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांचा ताबा मानला जातो. बाकीच्यांचा हक्क त्याने उघडपणे नाकारून त्यांना बाहेर काढल्याचं सिद्ध झाल्याशिवाय मुदत सुरू होत नाही. सर्वोच्च न्यायालय हे १९५० च्या दशकापासून सांगत आलंय.

आणि अतिक्रमण लक्षात आलं तर नुसती वकिलाची नोटीस पाठवून थांबू नये. नोटिशीने मुदत थांबत नाही. ती थांबते प्रत्यक्ष ताबा परत मिळवल्याने, किंवा १२ वर्षांच्या आत दिवाणी न्यायालयात दावा दाखल केल्याने. त्यासाठी आधी भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज करून हद्द कायम करून घ्यावी, कारण नेमकं किती अतिक्रमण झालंय हे नकाशावर दाखवता आलं नाही तर दावा तिथेच लंगडा पडतो.