एका वर्षात ग्रंथालय अद्ययावत करण्याचे खात्रीशीर उपाय

छोट्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्यकारी मंडळावर तुमची नुकतीच निवड झाली असेल, तर आधी मनापासून अभिनंदन. पुढच्या बारा महिन्यांत तुम्हाला ग्रंथालयाचा कायापालट करायचा आहे आणि तो झाला हे सभासदांना कळावे म्हणून वर्षाअखेरीस एक अहवाल छापायचा आहे. यातले दुसरे काम नीट जमले की पहिल्याकडे फारसे कोणी पाहत नाही. हे मी ऐकीव माहितीवर सांगत नाही. आमच्या ग्रंथालयाचा अहवाल नुकताच माझ्या हाती आला. ‘वर्षभरातील सेवा व सुधारणा’ या मथळ्याखाली त्यात ‘संगणकीकरण : १०० टक्के पूर्ण’ आणि ‘गहाळ ग्रंथ : निरंक’ अशा दोन ओळी एकाखाली एक छापल्या आहेत. ज्या आठवड्यात तो आला त्याच आठवड्यात मी, संगणकाने ‘उपलब्ध’ म्हणून दाखवलेले एक जुने चरित्र शोधत, त्या इमारतीत कपाटामागून कपाट धुंडाळत होतो. तेव्हा पुढील मार्गदर्शन अनुभवाचे आहे असे समजून वाचावे.

सुरुवात भिंतींपासून करावी. रंगकामासाठी ग्रंथालय बंद ठेवता येते आणि बंद ग्रंथालयाच्या तक्रारवहीत एकही तक्रार पडत नाही.

रंग वाळला की कपाटांकडे वळावे. मेल्विल ड्यूई यांनी १८७६ मध्ये दशांश वर्गीकरण प्रसिद्ध केल्यापासून जगभरातील असंख्य ग्रंथालये पुस्तकाच्या विषयाला एक अंक देतात आणि त्या अंकाच्या क्रमाने पुस्तके लावतात. या पद्धतीत मराठी साहित्याचा अंक ८९१.४६ आहे आणि आमच्याकडच्या जुन्या वाचकांना तो अंक माहीत नसला, तरी त्याची जागा पायांना माहीत होती. अशा सवयींमुळे वाचक कोणालाही न विचारता पुस्तक काढून मोकळा होतो आणि कर्मचाऱ्यांच्या सेवेची नोंद कोठेच होत नाही. म्हणून पुस्तके उंचीप्रमाणे लावावीत. छायाचित्रात ती सैनिकांच्या संचलनासारखी दिसतात. कण्यावरील जुन्या वर्गांकाच्या चिठ्ठीवर नवी चकचकीत पट्टी चिकटवावी, म्हणजे कोणाला जुना क्रम पुन्हा लावण्याची दुर्बुद्धी झाली तरी ते जमणार नाही.

वाचनकक्षाची वेळ अशी ठरवावी की नोकरी, शाळा किंवा संसार यांपैकी काहीही मागे असलेल्या माणसाला ती सोयीची पडू नये.

यानंतर जागेचा प्रश्न येतो. पुस्तके बाद करणे हे ग्रंथपालाचे रीतसर काम आहे, हे मलाही मान्य आहे. कालबाह्य झालेले औषधोपचाराचे पुस्तक कपाटात ठेवणे हे ते फेकण्यापेक्षा वाईट, आणि पानांचा भुगा झालेल्या प्रतीचा मोह कोणी धरू नये. मात्र हे काम शास्त्रशुद्ध करायचे तर प्रत्येक पुस्तक हातात घेऊन पाहावे लागते: मजकूर जुना झाला आहे का, त्याची नवी आवृत्ती आपल्याकडे आहे का, ते दुसरीकडे सहज मिळेल का. इतका वेळ तुम्हाला नाही. तुम्ही एकच नियम करावा, की जे पुस्तक पाच वर्षांत कोणी घरी नेले नाही, ते बाद. या नियमाचे सौंदर्य असे की शब्दकोश, विश्वकोश, नकाशासंग्रह असा सगळा संदर्भ विभाग त्यात आपोआप येतो, कारण संदर्भग्रंथ घरी देण्याची परवानगी तुमच्याच नियमावलीत नाही. जे नेऊ दिले नाही ते कोणी नेले नाही, म्हणून त्याला मागणी नाही, म्हणून ते रद्दीत! एखाद्या बहुखंडी ग्रंथाचा एखादा खंड नजरचुकीने राहिला, तर तो राहू द्यावा. प्रवेशदारातल्या काचेच्या कपाटात तो भारदस्त दिसतो.

आता मुख्य काम, म्हणजे संगणकीकरण. इथे थोडे सविस्तर सांगावे लागेल.

सर्वप्रथम तालिकापत्रांच्या, म्हणजे प्रत्येक पुस्तकाची माहिती लिहिलेल्या पत्रांच्या, पेट्या हलवाव्यात. साडेसात बाय साडेबारा सेंटीमीटरची ती पत्रे, तळाशी छिद्र, छिद्रातून गेलेली सळई, लेखकाचे एक पत्र, शीर्षकाचे एक, विषयाचे एक, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला दाखल अंक, म्हणजे नोंदवहीतला पुस्तकाचा क्रमांक, हा सगळा प्रकार मागासलेला दिसतो. ओसीएलसी या ग्रंथालयांना तालिका पुरवणाऱ्या अमेरिकेतल्या संस्थेने २०१५ मध्ये तालिकापत्रे छापणे कायमचे बंद केले, हे वाक्य सभेत टाळ्या घेते. त्या संस्थेने पत्रे बंद करण्यापूर्वी कित्येक दशके त्यांच्यातली माहिती जपून संगणकात नेण्याचे काम केले होते, हे कोणी विचारत नाही. त्या पत्रांमध्ये आमच्या आधीच्या ग्रंथपालांनी निळ्या शाईने लिहिलेली ‘पाहा’ पत्रे होती. ‘कुसुमाग्रज’ काढले की ‘पाहा : शिरवाडकर, वि. वा.’ असे लिहिलेले सापडे आणि वाचक योग्य खणाकडे जाई. नव्या प्रणालीत निम्मी पुस्तके एका नावाखाली आहेत, निम्मी दुसऱ्या, आणि दोन्ही नावे एकाच माणसाची आहेत याचा त्या यंत्राला पत्ता नाही. ‘बी’ या टोपणनावाने लिहिणारे कवी नारायण मुरलीधर गुप्ते यांचा शोध घेऊन पाहा. शेतीच्या पुस्तकांची लांबलचक यादी येते, बियाण्यांपासून बीजप्रक्रियेपर्यंत, आणि कवी नाहीत.

प्रणाली निवडताना काळजी घ्यावी. न्यूझीलंडमध्ये तयार झालेली आणि २००० पासून वापरात असलेली ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली कोणालाही विनामूल्य घेता येते आणि तिचा मराठीतही उपयोग होतो. विनामूल्य गोष्टीचे उद्‌घाटन करता येत नाही, म्हणून ती टाळावी. कोणाच्या तरी ओळखीच्या माणसाने बनवलेली, जगात आणखी कोठेही न चालणारी प्रणाली घ्यावी. तिचा कर्ता पुढे फोन उचलत नाही, हा योगायोग समजावा.

माहिती भरण्याचे काम जो सर्वांत कमी दर देईल त्याला नगावर द्यावे. नगावर काम करणारा मुलगा पुस्तक वाचत बसत नाही, नोंद संपवतो. आणि यात त्याचा दोष नाही, कारण त्याला तेवढ्याचेच पैसे मिळतात. त्यामुळे ‘कुलकर्णी’ आणि ‘कुळकर्णी’ हे वेगळे होतात, ऱ्हस्व-दीर्घाप्रमाणे एकाच लेखकाची तीन माणसे होतात, आणि कोणते पुस्तक कोणत्या चुकीखाली दडले आहे हे ओळखण्यासाठी वाचकाला तीच चूक जशीच्या तशी करावी लागते. जुन्या, युनिकोड ही सर्व संगणकांची सामायिक अक्षरपद्धत नसलेल्या फॉन्टमध्ये भरलेल्या नोंदी रूपांतरात फुटल्या, तेव्हा पडद्यावर पुस्तकाच्या नावाऐवजी कंस आणि टिंबे उमटली. तीही ‘१०० टक्के’मध्ये धरली आहेत. शुद्ध लिहिणाऱ्याचीही सुटका नाही. ‘ॲ’ हे अक्षर संगणकात एक सलग चिन्ह म्हणून साठवता येते, तसेच ‘अ’ला चंद्र देऊनही, आणि ‘दऱ्या’मधला अर्धा र दोन वेगवेगळ्या प्रकारे टंकता येतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण यंत्राला दिसतो. हे एकसारखे करून घेणारे चार ओळींचे काम प्रणालीच्या कर्त्याला सांगता आले असते. सांगायला ते माहीत असावे लागते, आणि माहीत असण्यासाठी एकदा तरी स्वतः शोधून पाहावे लागते. मंडळातल्या कोणीही वर्षभरात त्या शोधचौकटीत एक नाव टंकून पाहिलेले नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

पुस्तकावर छापलेला आयएसबीएन हा ओळखक्रमांक वाचून माहिती आपोआप भरण्याची सोय आहे, असे उद्‌घाटनाच्या दिवशी सांगण्यात आले. ती सोय खरी आहे. पण हा क्रमांक आंतरराष्ट्रीय मानक म्हणून आला १९७० मध्ये. त्याआधीच्या पुस्तकांवर तो असणार कोठून? आणि छोट्या प्रकाशकांच्या कित्येक नंतरच्या पुस्तकांवरही तो नाही. अशी पुस्तके ‘नंतर’ करायची म्हणून एका खोलीत रचली, त्या खोलीच्या छताला गळती आहे, आणि मला हवे असलेले चरित्र १९७० च्या आधीचे आहे.

तरीही ते संगणकात ‘उपलब्ध’ आहे, याचे मला काही काळ आश्चर्य वाटले. देवघेव विभागात बसलेल्या मुलाला विचारले, तर तो नम्रपणे म्हणाला, “काका, सिस्टिममध्ये दिसतंय म्हणजे असणारच.” कोठे आहे, असे विचारल्यावर त्याने पडदा माझ्याकडे वळवला. ‘स्थान’ या रकान्यात ‘ग्रंथालय’ असे लिहिले होते.

त्याचा दोष नाही. कोणीही पुस्तके पाहिलीच नाहीत. दाखल नोंदवही समोर ठेवून ती पहिल्या पानापासून टंकून काढली. दाखल नोंदवहीत ग्रंथालयात आलेले प्रत्येक पुस्तक असते. त्यातले कोणते वाळवीने खाल्ले, कोणते दिवंगत सभासदाच्या माळ्यावर पडले आहे, कोणते गेल्या वर्षीच्या ‘पाच वर्षां’च्या नियमात रद्दीत गेले, हे शेऱ्याच्या रकान्यात लिहायचे असते, आणि तो रकाना टंकायचा दर ठरलेला नव्हता. म्हणून बाद झालेला संदर्भ विभागसुद्धा आज आमच्या संगणकात सुखरूप ‘उपलब्ध’ आहे. गहाळ ग्रंथ निरंक, ते असे.

विलंबशुल्क वाढवावे. शिकागोच्या सार्वजनिक ग्रंथालयाने ते २०१९ मध्ये आणि न्यूयॉर्कच्या ग्रंथालयाने २०२१ मध्ये बंद केले आणि वर्षानुवर्षे अडकलेली पुस्तके लोक परत आणून देऊ लागले. आपल्याला ती आणून ठेवायला जागा कोठे आहे?

ई-पुस्तकांची सेवा जाहीर करावी, पण तिचा परवाना किती काळाचा आहे ते वाचू नये. परदेशात एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्येच ग्रंथालयांना अट घातली होती की ई-पुस्तकाची एक प्रत २६ वेळा दिली की परवाना संपेल आणि ती पुन्हा विकत घ्यावी लागेल. विकत घेतलेले पुस्तक तुमचे असते, भाड्याने घेतलेले नसते, एवढा हिशेब अहवालात मांडायला जागा लागते. त्या जागेवर फीत कापतानाचे छायाचित्र बसते.

शेवटी, १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. एस. आर. रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त भाषण ठेवावे. त्यांनी १९३१ मध्ये मांडलेली पाच सूत्रे फलकावर लिहून दारात लावावीत. चौथे सूत्र ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असे आहे. तो फलक आमच्या दारात आहे. त्याच्याखाली उभे राहून मी बराच वेळ घालवला आहे.

हे उपरोधाचे नाटक मला आता पुढे रेटवत नाही. मंडळींनो, तुम्ही लोकांच्या वर्गणीवर आणि अनुदानावर एक वर्ष घालवले आणि एका नोंदवहीची नक्कल केली. ग्रंथालयाचे संगणकीकरण झालेले नाही. ते व्हायचे तर आधी ग्रंथपडताळणी लागते: दोन माणसे, एकाच्या हातात नोंदवही, दुसऱ्याच्या हातात पुस्तक, कपाटामागून कपाट. कंटाळवाणे काम आहे, त्याचे छायाचित्र निघत नाही, म्हणून तुम्ही ते केले नाही. ते न करता ‘निरंक’ असे छापणे म्हणजे सरळसरळ खोटे बोलणे आहे. आणि ते तुम्ही त्या देवघेव विभागातल्या मुलाच्या तोंडून रोज बोलवून घेता, कारण तक्रार ऐकायला तो बसलेला असतो, तुम्ही नसता. ज्या ग्रंथपालांना कोणते पुस्तक कोठे आहे हे तोंडपाठ होते, त्यांना निवृत्त होताना तुम्ही शाल दिली. त्यांच्याबरोबर आठ दिवस बसून ‘पाहा’ पत्रांची यादी उतरवून घ्यावी, असे तुमच्यापैकी एकालाही सुचले नाही.

सभासदांनाही सोडता येत नाही. वार्षिक सभेत हा अहवाल ‘वाचला असे समजून’ मंजूर झाला. समजणारे आपणच होतो.

गळक्या खोलीतली पुस्तके पावसाच्या आधी बाहेर काढा. तालिकापत्रांच्या पेट्या जिन्याखाली आहेत, मी पाहिल्या आहेत. त्या वर आणा आणि सळया काढू नका, नाहीतर क्रम जाईल. पडताळणी सुरू करा, एका वेळी एक कपाट, आणि जे सापडणार नाही त्याच्यापुढे ‘सापडत नाही’ असे लिहा. ती यादी कितीही लांब झाली तरी पुढच्या अहवालात पूर्ण छापा.