पिंच म्हणजे पेच!

आज मॅच बघताना कॉमेंटेटरने एका ओपनरला 'पिंच हिटर' म्हटलं आणि माझं डोकंच फिरलं. जन्मभर सलामीला खेळलेला, शतकांवर शतकं ठोकलेला माणूस! फटकेबाज म्हणा, घणाघाती म्हणा. पिंच हिटर कुठून झाला तो?

मी कॉलेजच्या टीममध्ये नवव्या नंबरला जायचो. बॉलर. एका मॅचला पहिली विकेट पडली आणि कोच म्हणाले, "पॅड बांध, तू जा. मार. तुझी विकेट गेली तरी काही बिघडत नाही." ते वाक्य अजून कानात आहे.

शब्द मूळचा बेसबॉलचा. 'पिंच' म्हणजे पेचप्रसंग. सामना कात्रीत सापडला की ज्याची पाळी आहे त्याला बसवून बाकावरचा दुसरा बॅटर पाठवायचा, तो पिंच हिटर. बसवलेला मग त्या सामन्यात परत येत नाही. यात जोरात मारण्याची अट कुठे आहे? 1988 च्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या फायनलचा, पहिला सामना आठवा. डॉजर्सची टीम एका रनने मागे, शेवटची इनिंग, दोन आऊट. दोन्ही पाय दुखावलेला कर्क गिब्सन लंगडत आला आणि होमरन (बेसबॉलचा सिक्सरच म्हणा) मारून सामना जिंकून गेला. अख्ख्या सिरीजमध्ये तो तेवढ्या एकदाच बॅटिंगला उतरला. याला म्हणतात पिंच!

क्रिकेटमध्ये बदली खेळाडूला बॅटिंग करू देत नसत, त्यामुळे इकडे येताना अर्थ थोडा सरकला, मान्य. सुरुवातीच्या ओव्हर्समध्ये नियमाने सर्कलबाहेर, म्हणजे पिचभोवतीच्या आखलेल्या वर्तुळाबाहेर, दोनच फील्डर, मग खालच्या माणसाला वर पाठवा, उचलून मारू दे. 1992 च्या वर्ल्ड कपमध्ये इंग्लंडने बोथमला सलामीला धाडलं. 2017 च्या आयपीएलमध्ये कोलकात्याने बॉलर सुनील नारायणला. खरं तर बेसबॉलच्या पिंच हिटरच्या सगळ्यात जवळ जातो तो आयपीएलमध्ये 2023 पासून आलेला, सामन्याच्या मधेच दुसऱ्याच्या जागी येऊन बॅटिंगला उतरणारा इम्पॅक्ट प्लेयर, पण त्याला कुणी त्या नावाने हाक मारत नाही! आणि हो, 1996 मध्ये श्रीलंकेच्या जयसूर्या-कालुवितरणाला सगळे पिंच हिटरच म्हणायचे. मीही म्हणायचो. तेव्हा ते दोघं वर ढकललेलेच होते, म्हणून शोभायचं.

मी चार बॉल खेळलो. एक चौकार, मग मिडऑफला कॅच. कोचचं वाक्य तेव्हा फार लागलं होतं. आज वाटतं, ते खोटं नव्हते बोलत. माझ्या जागेचा खरा बॅट्समन पॅड बांधून बसला होता, त्याची विकेट वाचावी म्हणून माझी पणाला लावली होती. आत जाताना त्याने माझ्या पाठीवर थाप मारली, बोलला काहीच नाही.

आजच्या त्या ओपनरला कधी कुणी म्हणालं असेल का, तुझी विकेट गेली तरी काही बिघडत नाही?