टीपीएमटीची एकच तपासणी पुरेशी नाही

आतड्याच्या दाहावर अझाथायोप्रिन हे प्रतिकारशक्ती दडपणारे औषध सुरू करण्यापूर्वी, ते शरीरात निष्प्रभ करणाऱ्या टीपीएमटी या विकराची (एन्झाइमची) तपासणी करावी, हा आपल्याकडे प्रसिद्ध झालेल्या लेखातील सल्ला योग्यच आहे. मात्र आपल्याकडील रुग्णांसाठी तो अपुरा आहे, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. या औषधापासून शरीरात जे सक्रिय घटक तयार होतात, ते निष्प्रभ करणारा एनयूडीटी१५ नावाचा आणखी एक विकर आहे आणि त्याच्या जनुकातील दोष युरोपीय लोकांत विरळा असला, तरी आशियाई लोकांत, भारतीयांतही, बऱ्यापैकी आढळतो. हा दोष असणाऱ्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी या औषधाने धोकादायकरीत्या घटू शकतात, हा संबंध कोरियन संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिला.

माझ्या धाकट्या बहिणीला इथे नागपुरात अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी (मोठ्या आतड्याच्या दाहासाठी) ही गोळी दिली, तेव्हा तिचा टीपीएमटीचा अहवाल सामान्य होता. तरीही काही आठवड्यांतच कंगव्यात केसांचे पुंजके येऊ लागले आणि रक्ततपासणीत पांढऱ्या पेशी दोन हजारांच्या खाली गेलेल्या दिसल्या. अशी झपाट्याने होणारी केसगळती ही या दोषाची आगाऊ सूचना असू शकते, म्हणून ती दिसताच पुढच्या भेटीची वाट न पाहता डॉक्टरांना कळवून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करून घ्यावी.

युरिक ॲसिडसाठी ॲलोप्युरिनॉल घेणाऱ्यांनी तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण अझाथायोप्रिनचा निचरा करणाऱ्या झँथिन ऑक्सिडेज या विकराला ते अडवते आणि मग अझाथायोप्रिनची नेहमीची मात्राही घातक ठरू शकते. जनुकीय चाचण्या सामान्य आल्या, तरी सुरुवातीच्या काळातील ठरलेल्या रक्ततपासण्या कोणीही चुकवू नयेत.