हे वीस कुठून आलं?

सोमवारी सकाळी नऊ वाजून चार मिनिटांनी माझ्या पासवर्डची मुदत संपली. अचानक नव्हे. चौदा दिवस तो रोज स्क्रीनच्या कोपऱ्यात येऊन ‘आता बारा दिवस उरले, अकरा उरले’ असं सांगत होता आणि मी रोज ‘नंतर आठवण करा’वर टिचकी मारून त्याला वाटेला लावत होतो. त्या दिवशी ते बटणच नव्हतं.

नवा पासवर्ड टाकला. लाल अक्षरांत उत्तर आलं : किमान १२ अक्षरं हवीत. बारा केली. एक मोठं अक्षर हवं. केलं. एक अंक हवा. घातला. एक विशेष चिन्ह हवं. तेही घातलं. गेल्या पाच पासवर्डांशी साम्य चालणार नाही. आता सगळ्या अटी एकदम सांगायला या माणसाचं काय जातं, असं मी स्वतःशी पुटपुटलो आणि मग आठवलं की तो माणूस मीच, हे पान मीच लिहिलेलं. पहिली चूक सापडली की तिथूनच परत फिरायचं, पुढचं तपासायचं नाही, असा त्यातल्या तपासणीच्या कोडचा सुटसुटीत घाट मी सहा वर्षांपूर्वी घातला होता आणि त्यावर खूशही होतो. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात. माझं ब्रह्मज्ञानच पाषाण होऊन माझ्या डोक्यात पडलं.

या अटी मी काही मनानं रचल्या नव्हत्या. अमेरिकेतल्या ‘निस्ट’ या मानक ठरवणाऱ्या संस्थेतल्या बिल बर यांनी २००३ साली एका दस्तऐवजाला आठेक पानांचं परिशिष्ट जोडलं. मोठी अक्षरं, अंक, चिन्हं, ठरावीक दिवसांनी बदल, हा सगळा संप्रदाय त्या परिशिष्टातून जगभर पसरला. हाताशी खऱ्या पासवर्डांची माहिती फारशी नसताना त्यांनी ते लिहिलं होतं, आणि २०१७ मध्ये, निवृत्तीनंतर, त्यातल्या बऱ्याच गोष्टींचा आपल्याला पश्चात्ताप होतो असं त्यांनी मोकळेपणानं सांगितलं. त्याच वर्षी निस्टनं नियम फिरवले : उगाच ठरावीक दिवसांनी बदलायला लावू नका, चिन्हांची सक्ती नको, लांबी महत्त्वाची, किमान ६४ अक्षरांपर्यंतचे पासवर्ड घेता आले पाहिजेत, आणि पेस्ट करू द्या. मी माझं पान लिहिलं ते याच्या नंतर. म्हणजे मूळ गुन्हेगारानं कबुली दिल्यावर मी त्याच गुन्ह्यात सामील झालो होतो.

सक्ती केली की माणसं काय करतात हे कुणाला सांगायला नको. पहिलं अक्षर मोठं, शेवटी १ आणि उद्गारचिन्ह. तीन महिन्यांनी १चा २ होतो. पासवर्ड फोडणाऱ्यांच्या प्रोग्रॅमला ही सवय आपल्या आधीपासून ठाऊक असते. पण त्या सकाळी मला सद्बुद्धी झाली. एकमेकांशी काडीचा संबंध नसलेले चार शब्द घेतले, मध्ये अंक आणि चिन्ह पेरलं आणि सत्तावीस अक्षरांचा एक देखणा पासवर्ड तयार केला. पानानं तो घेतला, हिरवी खूण दाखवली आणि मला बाहेर काढलं. नवा पासवर्ड टाकून आत या, म्हणालं.

टाकला. चुकीचा पासवर्ड.

सावकाश टाकला. चुकीचा. पासवर्ड मॅनेजरमधून पेस्ट करायला गेलो तर पेस्ट बंद. (होय, मीच. सुरक्षेसाठी.) कॅप्स लॉक बघितला. कीबोर्ड उलटा करून झटकला, हा आमच्या व्यवसायातला शेवटचा विधी. पाचव्या प्रयत्नानंतर खातं तीस मिनिटांसाठी बंद झालं.

‘पासवर्ड विसरलात?’ या प्रश्नाला मी मनात ‘नाही’ असं उत्तर देऊन क्लिक केलं. तिथं सुरक्षा प्रश्न आले. पहिल्या शाळेचं नाव? पहिल्या शिक्षकांचं आडनाव? आता जाणकार माणूस इथं खरी उत्तरं देत नाही, कारण ती कुणालाही शोधता येतात. मी जाणकार असल्यामुळे सहा वर्षांपूर्वी थापा मारल्या होत्या. शाळा आठवत होती, शिक्षकही आठवत होते, थापा आठवेनात.

शेवटी हेल्पडेस्कला फोन केला.

“सर, पासवर्ड नीट टाकताय ना?”

“अहो, ते लॉगिनचं पान मी लिहिलंय.”

“हो का,” पलीकडून जरा थांबून आवाज आला, “बरीच मंडळी करतात त्याबद्दल फोन.”

त्यांनी मला एक तात्पुरता पासवर्ड दिला. इंग्रजीतलं ‘वेलकम’, मग @, मग १२३४. मोजून बारा अक्षरं. मोठं अक्षर आहे, अंक आहेत, चिन्ह आहे. माझ्या सगळ्या परीक्षांत तो पहिल्या वर्गात पास. चौकशी केल्यावर कळलं की सगळ्यांना हाच देतात.

आत गेलो आणि कोड उघडला. पासवर्ड बदलायच्या पानावर लांबीला मर्यादा नव्हती. लॉगिनच्या पानावर होती : वीस. एकविसावं अक्षर दाबलं की ब्राउझर ते मुकाट्यानं गिळून टाकी, आणि दिसतात नुसते ठिपके, ते मोजत कोण बसतंय? कुणी घातलं हे वीस? कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये याच कामासाठी ‘ब्लेम’ नावाची आज्ञा आहे. प्रत्येक ओळीपुढे ती लिहिणाऱ्याचं नाव आणि तारीख येते. मी मोठ्या न्यायबुद्धीनं ती चालवली. शेजारी माझं नाव होतं. वरती शेरा : ‘तात्पुरतं. डेमो झाला की काढणे.’

डेमोच्या वेळी लांब पासवर्ड टाकला की ठिपके चौकटीबाहेर सांडत होते. चौकट रुंद करायला पाच मिनिटं लागली असती, वीस लिहायला पाच सेकंद.

‘तात्पुरतं’ या शब्दाइतका चिवट शब्द आमच्या धंद्यात नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाच्या सीटीएसएस या संगणक प्रणालीत पासवर्ड पहिल्यांदा वापरात आले, १९६०च्या दशकात. त्याच दशकात तिथं एकदा एक जण पासवर्डांची फाइल दुरुस्त करत होता आणि दुसरा दिवसाच्या सूचनेची. एडिटर दोघांसाठी एकाच नावाची तात्पुरती फाइल वापरायचा. दोन्हींची अदलाबदल झाली आणि जो जो लॉगिन करील त्याला सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. पुढे युनिक्स या संगणक प्रणालीची जुनी पद्धत पासवर्डची फक्त पहिली आठ अक्षरं बघायची. बाकीची तुमच्या समाधानासाठी. हे वाचून मला बरं वाटलं. माझी चूक निदान परंपरेतली होती.

दुरुस्ती एका ओळीची. ती तपासायला आमच्या टीममधल्या नव्या मुलीकडे गेली.

“सर, हे वीस मुळात कुठून आलं?”

“जुना कोड आहे गं.”

“कुणाचा?”

“होता कुणीतरी.”

पाच मिनिटांनी तिचा ‘ओके’ आला, पूर्णविरामासकट. ब्लेम तिलाही चालवता येतं.

एवढ्यावर तिनं सोडलं असतं तर! लॉगिनला नऊ सेकंद का लागतात, असं तिनं पुढं विचारलं. मी म्हणालो, “सुरक्षेसाठी मुद्दाम संथ ठेवलंय.” यात तथ्य आहे. पासवर्डचं हॅश, म्हणजे उलट फिरवता न येणारं रूप, करणारे बीक्रिप्टसारखे अल्गोरिदम जाणूनबुजून संथ असतात, म्हणजे चोराला अब्जावधी अंदाज बांधून बघणं परवडत नाही. पण त्याला लागतो सेकंदाचा काही अंश. उरलेले आठ सेकंद कुठं जातात हे मलाही माहीत नव्हतं. २०२४च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला आपलं एसएसएच, म्हणजे दूरच्या संगणकात शिरायचं, लॉगिन अर्धा सेकंद उशिरा होतंय असं जाणवलं. त्यानं पिच्छा पुरवला आणि ‘एक्सझेड’ या फाइली आकसवणाऱ्या तयार कोडच्या लायब्ररीत कुणीतरी मोठ्या चिकाटीनं बसवलेला चोरदरवाजा उघडकीला आला. अर्ध्या सेकंदावरून! आमच्याकडे नऊ सेकंदांत अठरा चोरदरवाजे मावतात आणि सहा वर्षांत कुणी हूं का चूं केलं नाही. मी तिला शोध घ्यायला सांगितलं. आठवडाभरात काहीतरी सापडेल आणि त्यापुढेही माझंच नाव असेल, याची तयारी ठेवून आहे.

गुरुवारी ईमेल आलं : ‘तुमचा पासवर्ड नुकताच बदलला गेला आहे. हा बदल तुम्ही केला नसल्यास इथे क्लिक करा.’ बदल खरोखरच हेल्पडेस्कनं केला होता. मी क्लिक केलं. ‘तुम्ही जाळ्यात सापडलात,’ असं पान उघडलं. सुरक्षा विभागाची चाचणी होती. शिक्षा : चाळीस मिनिटांचं प्रशिक्षण आणि दहा प्रश्न, दहाही बरोबर यायला हवेत. तिसऱ्या स्लाइडवर ‘आदर्श लॉगिन पान’ म्हणून माझ्याच पानाचं चित्र होतं.

नववा प्रश्न : पासवर्ड केव्हा बदलावा? ३० दिवसांनी, ९० दिवसांनी, १८० दिवसांनी, की फुटल्याचा संशय आल्यावर? मी शेवटचा पर्याय निवडला. चूक. पुन्हा पहिल्यापासून दहा प्रश्न. या खेपेला ९० निवडलं.

‘अभिनंदन’ म्हणून प्रमाणपत्राची पीडीएफ आली. तिला पासवर्ड होता, माझ्या नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. तसं त्याच ईमेलात लिहिलं होतं.