रत्नागिरीत हॉप्स लावण्याआधी दिवसाची लांबी बघा

कोकणातल्या शेतकऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: बिअरला कडवटपणा आणि वास देणारी बोंडं ज्यांना येतात ते हॉप्सचे वेल पोफळीवर मिरीसारखे चढवा, सर्वांत जास्त अल्फा अ‍ॅसिडची (बोंडातल्या कडू घटकाची) जात निवडा, बोंडं वाळवून पोत्यात भरा आणि ब्रुअरीला विका. कुणी कर्ज काढून रोपं आणण्याआधी हे वाचावं.

‘मिरी येते, मग हॉप्स का येणार नाहीत?’ मिरीला आपली दमट सावली मानवते. हॉप्सला भरपूर ऊन आणि लांब दिवस लागतात. चेक प्रजासत्ताकातलं हॉप्ससाठी नावाजलेलं झातेत्स 50 अंश अक्षांशावर आहे. जूनमध्ये तिथला दिवस 16 तासांहून मोठा. त्या उजेडात वेल पाच-सहा मीटर चढतो आणि दिवस लहान होऊ लागले की फुलतो. रत्नागिरी 17 अंशांवर. आपला सर्वांत मोठा दिवस 13 तासांच्या जरासा वर, तोही ऐन पावसाळ्यातला. इथे वेल अंग धरण्याआधीच फुलायला लागतो आणि हाती चार बोंडं येतात. दक्षिण आफ्रिकेत 34 अंशांवरसुद्धा शेतात दिवे लावून दिवस वाढवावा लागला, पुढे तिथल्या दिवसाला जुळणाऱ्या जाती काढल्या. भारतात लागवड झाली ती काश्मीर आणि लाहौलमध्ये, तेही उगाच नाही.

‘अल्फा जास्त ती जात भारी’ हे तर अर्धंच खरं. अल्फा अ‍ॅसिड उकळल्यावर कडवटपणा देतं. मॅग्नम या जातीत ते 12 ते 14 टक्के, साझ या जातीत 3-4. नुसता कडूपणा हवा असेल तर मॅग्नम पाव हिश्शात काम करतं, हे मान्य. पण तिखटपणावरच मिरची निवडली असती तर आपल्या कालवणात ब्याडगी आलीच नसती. पिल्सनर बिअरचा हलका मसालेदार वास साझचा, पपनसाच्या सालीचा वास कॅस्केड जातीचा, आणि कॅस्केडमध्ये अल्फा साधारण 5 ते 7 टक्केच. सिट्रा जातीत 11 ते 13 टक्के अल्फा असूनही तिला मागणी आहे ती वासासाठी. हा वास तेलांत असतो आणि तेलं उकळताना उडून जातात, म्हणून असे हॉप्स शेवटी किंवा आंबवण झाल्यावर टाकतात.

पोत्याचं म्हणाल तर उष्ण, दमट हवेत हॉप्सना जुन्या चीजचा वास येतो. हवा काढलेली पाकिटं आणि शीतगृह लागतंच.

रोपं विकणाऱ्याला एवढं विचारा: जात कोणती, वेल मादी आहे का (बोंडं मादी वेलालाच येतात), आणि 17 अंशांच्या आसपास त्याला धरलेली बोंडं कुठल्या शेतात बघायला मिळतील?